उरलेल्या अठ्ठावीस रात्री लांडगा कुठे असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. किशोरवयीन वाचकांसाठी वेअरवुल्फची कादंबरी लिहून झाली आहे. नायिका सोळा वर्षांची. जंगलात तिला चावा बसतो आणि दर पौर्णिमेला ती लांडगा होऊ लागते. एक मुलगा तिच्या वर्गातला, साधा माणूस. दुसरा लांडगामाणसांच्या कळपातला. मसुदा सहा जणांना वाचायला दिला आणि सहाही जणांनी ती शेवटी कोणाला निवडते एवढ्यावरच लिहिलं. लांडग्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मग प्रेमाचा त्रिकोण काढून टाकावा का?

काढू नका. हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. किशोर-कुमारांसाठीच्या अद्भुत कादंबऱ्यांचं संपादन मी एकोणीस वर्षं करते आहे आणि अगदी सुरुवातीला एका लेखिकेला मी नेमका हाच सल्ला दिला होता: दुसरा मुलगा काढा, पुस्तक सुटसुटीत होईल. तिनं चार महिने खपून तो काढला. मसुदा परत आला तेव्हा स्वच्छ होता आणि त्यात जीव नव्हता. कारण कळायला मला बराच वेळ लागला. नायिका आपल्या लांडगेपणाबद्दल ज्या एकाच माणसाशी मोकळेपणानं बोलायची, तो हा दुसरा मुलगा होता. तो गेला, त्याच्याबरोबर ती बोलणी गेली आणि लांडगा पुस्तकातून पुरताच हद्दपार झाला. मी पानं मोजली होती, पण लांडगा कुठल्या पानांवर राहतो ते पाहिलंच नव्हतं. ते पुस्तक छापून आलं नाही. त्या लेखिकेची मी नंतर माफी मागितली, पण तिचे चार महिने तिला परत देता आले नाहीत.

तेव्हापासून त्रिकोणाला हात लावायच्या आधी मी एक गोष्ट तपासते. नायिकेला चावा बसलाच नाही असं समजायचं. तिला एखादा दीर्घ आजार आहे असं धरायचं, किंवा तिच्या घरच्यांचं आणि त्या मुलाच्या घरच्यांचं वैर आहे असं धरायचं. वर्गातला मुलगा तिच्यावर तसंच प्रेम करतो का? कळपातला मुलगा आता शेजारचा मुलगा झाला, तरी तसाच रुसतो का? भांडणं तीच, पावसातली भेट तीच आणि शेवटचा निर्णयही तोच राहिला, तर लांडगा तुमच्या गोष्टीत अंगावर चढवलेला पोशाख आहे. वाचकांनी पोशाखाबद्दल काही लिहिलं नाही, यात त्यांचा काय दोष?

लांडगा आणि त्रिकोण एकमेकांच्या आड येतात त्यामागे एक कारण आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. वेअरवुल्फची गोष्ट मुळात आपण न निवडलेल्या गोष्टीबद्दल असते. अंगावर केस येतात, दात ठणकतात, भूक आवरत नाही, रात्री काय केलं ते सकाळी आठवत नाही. यातलं काहीही तुम्हाला विचारून होत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला ही गोष्ट इतकी जवळची वाटते ती त्यामुळेच, कारण त्याचंही शरीर त्याला न विचारता बदलत असतं. प्रेमाच्या त्रिकोणात नेमकं उलटं घडतं. दोघं जण नायिकेसमोर उभे असतात आणि सारं जग तिच्या हो-नाहीसाठी थांबलेलं असतं. ज्या वयात कोणी आपल्याला काही विचारत नाही, त्या वयात हे स्वप्न फार गोड वाटतं. ते स्वप्न पाहणाऱ्या मुलींना हसणाऱ्यांच्या पंक्तीला मी कधी बसले नाही. पहिलं प्रेम ही त्या वयातली खरोखरच मोठी गोष्ट असते. अडचण एवढीच की निर्णय हातात असलेली नायिका घाबरलेली वाटत नाही. तुमच्या मसुद्यात ती स्वतःच्या दातांना भिते असं एकदा येतं, सातव्या प्रकरणात. त्यानंतर तिला भीती वाटते ती या दोघांपैकी एकाचं मन मोडेल याची.

आता पाणी नेमकं कुठे मुरतंय ते. तुम्ही पौर्णिमेचा नियम घेतला आहे. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत साधारण २९.५ दिवस जातात. तुमची कादंबरी चार महिन्यांत घडते. त्यात पौर्णिमा आल्या चार, आणि पहिली चावा बसण्यात गेली. म्हणजे साडेतीनशे पानांच्या पुस्तकात लांडग्याच्या वाट्याला तीन रात्री आल्या. मधल्या प्रत्येक फटीत अठ्ठावीस रिकाम्या रात्री आहेत आणि त्या कशानं तरी भरणं भागच असतं. शाळा असते, मैत्रिणी असतात आणि ही दोन मुलं असतात. बहुतेक लेखक त्या फटी मुलांनी भरतात, कारण तीच सगळ्यांत सहज हाताशी असतात. त्रिकोणाला कोणी लांडग्याच्या जागी मुद्दाम बसवलं नाही. जागा रिकामी होती, तो येऊन बसला.

हा नियम काही दगडावर कोरलेला नाही. चंद्राचा आणि लांडगामाणसाचा संबंध जुना आहे. पेट्रोनियसच्या पहिल्या शतकातल्या लॅटिन कथेत दुपारसारख्या लख्ख चांदण्यात एक सैनिक थडग्यांपाशी कपडे उतरवतो आणि लांडगा होतो. पण पौर्णिमा आली की बदल व्हायलाच हवा, हा नियम सगळीकडे घट्ट झाला तो सिनेमामुळे. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'मध्ये वारंवार म्हटल्या जाणाऱ्या चार ओळी आहेत. त्यांत शरद ऋतूतला तेजस्वी चंद्र येतो, पूर्ण चंद्र येत नाही. १९४३ साली आलेल्या पुढच्या चित्रपटात ती ओळ बदलली आणि पूर्ण चंद्र आला. त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात, मारी द फ्रान्स या कवयित्रीनं 'बिस्क्लावरे' नावाचं कथाकाव्य लिहिलं. त्यातला सरदार दर आठवड्याला तीन दिवस लांडगा असतो. आठवड्याला तीन दिवस! तिथे रिकामी फट उरतच नाही. आणि मॅगी स्टीफव्हाटर यांच्या २००९ च्या 'शिव्हर'मध्ये चंद्राला रजाच दिली आहे. तिथे थंडी पडली की माणसाचा लांडगा होतो, दर वर्षी माणूस म्हणून मिळणारे दिवस कमी होत जातात आणि एक दिवस ते संपतात. त्या पुस्तकातलं प्रेम आणि लांडगा एकाच दोरीला बांधलेले आहेत. तापमान दोन अंशांनी उतरलं की वाचकाच्या पोटात गोळा येतो, तो प्रेमासाठी की लांडग्यासाठी हे वेगळं काढताच येत नाही.

पौर्णिमा ठेवायची असेल तर अवश्य ठेवा, पण मग उरलेल्या रात्रींचं काय ते ठरवा. बदल होऊन गेल्यावर किती दिवस सांधे धरलेले असतात? कोणत्या दिवसापासून तिला झोप लागेनाशी होते? ओळखीचं कुत्रं तिला पाहून कोणत्या तिथीपासून बाजूला होतं? नखांखाली काय सापडतं, ते ती कुठे धुते, आईला काय सांगते? पुढची पौर्णिमा परीक्षेच्या आदल्या रात्री येते, हे तिला महिनाभर आधीच ठाऊक असतं. त्या एका तारखेचं ओझं घेऊन ती रोज वर्गात बसते, हे एवढं एकच तुम्ही आणलंत तरी दोन्ही मुलांबरोबरचे सगळे प्रसंग आपोआप वेगळे लिहिले जातील.

'बिस्क्लावरे'कडे पुन्हा येते, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यांत चांगलं उत्तर मला तिथे सापडलं. वेअरवुल्फ आणि प्रेमाचा त्रिकोण यांचं लग्न अलीकडच्या किशोर कादंबऱ्यांनी लावलं असं अनेकांना वाटतं. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या काव्यात ते आहे. सरदाराची बायको त्याच्या तीन दिवसांच्या गायब होण्याचं कारण खोदून खोदून विचारते. तो सांगतो. तो कपडे कुठे लपवतो तेही सांगतो, आणि कपडे हरवले तर आपण कायमचे लांडगाच राहू हेही सांगतो. ती भीतीनं लालबुंद होते. तिच्यावर कितीतरी दिवसांपासून जीव टाकणारा दुसरा एक सरदार असतो. त्याच्यावर तिचं कधीच प्रेम नव्हतं. ती त्याला बोलावते, हवं ते देण्याचं वचन देते आणि नवऱ्याचे कपडे चोरून आणायला लावते. मग त्या दोघांचं लग्न होतं आणि नवरा जंगलात लांडगा होऊन अडकतो.

हा त्रिकोण तयार कसा झाला पाहा. लांडगा नसता तर तिसरा माणूस त्या घरात कधी आलाच नसता. तो प्रेमामुळे आला नाही, भीतीमुळे आला. चोरी झाली ती कपड्यांची, म्हणजे पुन्हा माणूस होण्याच्या वाटेची. वरची आजार-वैराची कसोटी इथे लावून बघा. गोष्ट एका वाक्यातच कोसळते. तुमच्या दुसऱ्या मुलालाही असंच काहीतरी कारण हवं. तो देखणा आहे, त्याचं अंग गरम असतं आणि तो तिच्याकडे टक लावून बघतो, एवढ्यावर तो कथेत येऊ शकत नाही.

त्याच काव्याच्या शेवटी एक प्रसंग आहे, त्यावरून माझी नजर हटत नाही. राजानं या लांडग्याला जवळ ठेवलेलं असतं आणि अखेर खरी हकिगत उघड होते. कपडे आणून त्याच्यासमोर ठेवले जातात, पण तो त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग दरबारातला एक शहाणा माणूस म्हणतो की सगळ्यांच्या देखत रूप बदलायची त्याला लाज वाटते, त्याला एकट्याला राजाच्या शयनगृहात ठेवा. दार लावून घेतात. काही वेळानं राजा आत येतो तेव्हा पलंगावर सरदार झोपलेला असतो. आपलं शरीर बदलताना कोणी बघू नये ही लाज म्हणजे पौगंडावस्थेचा अर्कच आहे. बाराव्या शतकातल्या कवयित्रीला ती दिसली. आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ मसुद्यांत मात्र नायिका बदलून परत माणूस होते तेव्हा कळपातला मुलगा आपलं जाकीट पुढे करतो आणि प्रसंग प्रेमाचा होऊन जातो. ज्या क्षणी तिला कोणीच जवळ नको असायला हवं, त्या क्षणी आपण तिच्याजवळ एक मुलगा उभा करतो. तुमच्या अकराव्या प्रकरणात हेच घडलं आहे.

याला जोडूनच रात्रीचा मुद्दा. तुमच्या तिन्ही पौर्णिमांना बदल सुरू होतो, हाडं वाजतात, प्रकरण संपतं आणि पुढचं प्रकरण सकाळी उघडतं. रात्र कुठे गेली? नायिकेला काही आठवत नाही हे कारण तुम्ही दिलं आहे आणि ते चालण्यासारखं आहे, पण मग त्या न आठवण्याचा छळ पानावर दिसायला हवा. ज्याँ ग्रेनिए नावाचा मुलगा मला इथे नेहमी आठवतो. १६०३ साली फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात त्याच्यावर लांडगामाणूस म्हणून खटला चालला, तेव्हा तो जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा होता. मेंढ्या राखणाऱ्या मुलींसमोर त्यानं स्वतःच बढाई मारली होती की मी लांडगा होतो, लांडग्याचं कातडं पांघरतो आणि माणसं खातो. बोर्दोच्या न्यायालयानं त्याला मृत्युदंड दिला नाही. वय आणि बुद्धी पाहून त्याला आयुष्यभर मठात ठेवायची शिक्षा दिली. काही वर्षांनी पिएर द लांक्र हा न्यायाधीश त्याला मठात भेटला, तेव्हाही आपण लांडगा होतो यावर तो ठाम होता आणि ती भूक अजून गेली नाही असं सांगत होता. या मुलाच्या बोलण्यात मुली आहेत, त्यांच्यावर छाप पाडायची धडपड आहे, एकटेपणा आहे. पण त्या सगळ्याला चिकटून एक भूक आहे. ती भूक सुटी करून ठेवताच येत नाही. सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडी लांडगा आणायचा असेल तर आवाज असा हवा. आपण काय आहोत याचा तिला अभिमानही वाटायला हवा आणि धडकीही भरायला हवी.

मसुद्यातली मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट नाकाची आहे. दुसऱ्या प्रकरणात तुम्ही लिहिलं आहे की चाव्यानंतर तिचं नाक इतकं तीक्ष्ण झालं की बंद दाराआड कोण उभं आहे ते तिला कळतं. छान. मग पुढची दोनशे पानं ती 'त्याला माझ्याबद्दल काय वाटतं' याचा विचार कशी करू शकते? प्रेमाचा त्रिकोण उभा राहतो तो लपवाछपवीवर. कोण कोणाला भेटून आलं, कोण खोटं बोलतंय, कोणाच्या मनात काय आहे हे माहीत नसतं म्हणून पानं उलटली जातात. जिला घाम, भीती, दुसऱ्याच्या अंगाचा वास हे सगळं ओळखता येतं, तिच्यापुढे यातलं फारसं काही टिकणार नाही. वर्गातला मुलगा "मला तुझी भीती वाटत नाही" म्हणतो तेव्हा त्याच्या भीतीचा वास तिला येत असणार. ते वाक्य ऐकून ती आत्ता तुमच्या मसुद्यात रडते आणि त्याला मिठी मारते. त्याऐवजी तिला कळलं की तो घाबरला आहे, घाबरलेला असूनही तिथे उभा आहे आणि तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतो आहे, तर काय होईल? ती ते खोटं स्वीकारेल की त्याला पकडेल? आणि त्या भीतीच्या वासानं तिला भूक लागली तर? मला वाटतं तुमची खरी कादंबरी त्या जागी सुरू होते. लेखक इथे बिचकतात, कारण नाक खरं मानलं की गैरसमजांवर उभे असलेले पाच-सहा प्रसंग कोसळतात. कोसळू द्या. त्यांच्या जागी जे येईल ते दुसऱ्या कोणत्याही प्रेमकथेत सापडणार नाही.

स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट' मालिकेबद्दल तुम्ही विचारलंच आहे, तेव्हा तेही बोलून घेते. २००५ ते २००८ या काळात चार पुस्तकं, दर वर्षी एक. मधल्या वर्षभरात वाचकाला धरून ठेवायला एक उघडा प्रश्न लागतो आणि 'ती कोणाची होणार' यापेक्षा चिवट प्रश्न सापडणं कठीण. वाचकांचे दोन तट पडले आणि पुस्तकं त्यावर चालत राहिली. क्रमशः लिहिणाऱ्यांना त्रिकोण का सोडवत नाही त्याचं उत्तर इथे आहे. पण नायिका, तिचा रक्तपिपासू प्रियकर आणि लांडगा होणारा जेकब हा त्या मालिकेतला मुख्य त्रिकोण शेवटी सुटतो कसा? जेकबला नायिकेच्या नवजात मुलीचं 'इम्प्रिंटिंग' होतं, म्हणजे इच्छा असो-नसो, कायमची ओढ लागते. तीन पुस्तकं निवडीवर चाललेली गोष्ट चौथ्यात अचानक निवड नसलेल्या शक्तीकडे सोपवली जाते. उरलेला कोपरा झाडून काढायला लांडग्याला बोलावल्यासारखं मला ते वाटतं. मी ते तेव्हाही मान्य केलं नव्हतं आणि आजही करत नाही. शिवाय हे लांडगे खरे वेअरवुल्फ नसून रूप बदलणारे आहेत, हेही त्या चौथ्याच पुस्तकात कळतं. इतकी वर्षं वाचकांना आणि पात्रांनाही याची चौकशी करावीशी वाटली नाही, यावरूनच कशाचं पारडं जड होतं ते दिसतं.

त्याच मालिकेच्या कडेला मात्र दुसरा एक त्रिकोण पडून आहे आणि तो मला अस्सल वाटतो. लेआ आणि सॅम यांचं एकमेकांवर प्रेम असतं. सॅम लांडगा होतो आणि लेआच्याच नात्यातल्या बहिणीचं, एमिलीचं, त्याला इम्प्रिंटिंग होतं. त्यात त्याचा इलाज नसतो. पुढे राग अनावर होऊन बदल होताना त्याच्याच हातून एमिलीचा चेहरा कायमचा विद्रूप होतो. मग लेआसुद्धा लांडगा होते, आणि या कळपात लांडग्याच्या रूपात असताना सगळ्यांना सगळ्यांचे विचार ऐकू येतात. ज्यानं सोडलं त्याच्या मनातलं दुसरीबद्दलचं प्रेम तिला त्याच्याच डोक्यात शिरून ऐकावं लागतं. हा त्रिकोण लांडग्यानं घडवला, लांडग्यानंच तो असह्य केला आणि लांडगा काढला तर मागे काहीच उरत नाही. तो मध्यभागी असता तर, असं मला फार वेळा वाटलं आहे. जाता जाता एक गोष्ट. या कथेत ज्या क्विल्यूट लोकांचं नाव वापरलं आहे ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ला पुश इथे राहणारे खरेखुरे लोक आहेत आणि आपल्या पूर्वजांना लांडग्यांपासून माणूस केलं गेलं अशी त्यांची स्वतःची उत्पत्तिकथा आहे. लांडग्याकडून माणसाकडे! ही उलटी दिशा किती मोठी आहे. दोन मुलांच्या चढाओढीत तिच्याकडे बघायला कोणाला सवड मिळाली नाही.

तुमच्या कळपाबद्दलही थोडं बोलायला हवं. कळपातल्या मुलाला तुम्ही 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, केलं आहे आणि त्यामुळे तो हक्क सांगतो, गुरगुरतो, तिला 'माझी' म्हणतो. या कल्पनेमागे रुडॉल्फ शेंकेल यांचा १९४७ चा अभ्यास आहे आणि तो पिंजऱ्यातल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवरचा होता. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे 'अल्फा' शब्द सगळीकडे पोहोचला. पुढे त्याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ च्या शोधनिबंधात मांडलं की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची वेगवेगळ्या वर्षांची पिल्लं. पुढारीपण लढून मिळत नाही, आईबाप झाल्यानं मिळतं. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते.

कादंबरीनं प्राणिशास्त्राबरहुकूम चालावं असा माझा आग्रह नाही. पण यात तुमच्या कामाचं एक रत्न आहे. लांडग्याची पिल्लं साधारण एक ते तीन वर्षांची झाली की कळप सोडून निघतात, एकटी फिरतात, नवा मुलूख शोधतात, जोडीदार शोधतात. त्यातली कित्येक वाटेतच मरतात. म्हणजे तरुण लांडग्यापुढे 'कोणता जोडीदार' हा प्रश्न येतो तो 'घर कधी सोडायचं' या प्रश्नाच्या पोटातून. तुमच्या नायिकेला आई आहे, धाकटा भाऊ आहे आणि ते दोघं चौथ्या प्रकरणानंतर जेवणाच्या टेबलापुरतेच उरतात. कळपातला मुलगाही कोणाचा तरी मुलगा असेल. त्याची आई त्याला सोडायला तयार आहे का? तो नायिकेला कळपात ओढतो आहे, की तिला घेऊन कळपातून निघायचं म्हणतो आहे? हे एकदा ठरलं की त्याला गुरगुरायची गरज उरणार नाही.

मग दोन मुलांचं करायचं काय? मी त्या दोघांचं लांडग्याशी असलेलं नातं आधी लिहून काढीन आणि नायिकेशी असलेलं नंतर. आत्ता एक शांत आहे, एक तापट आहे. हा स्वभावाचा फरक झाला, यानं काही घडत नाही. समजा वर्गातल्या मुलाला ती हवी आहे, पण पौर्णिमेच्या रात्री सोडून. तो औषधं शोधतो, कड्या-कुलुपं आणतो, महिनाभर जीव लावतो आणि त्या रात्री दाराबाहेर कान बंद करून बसतो. समजा कळपातल्या मुलाला त्या रात्रीची ती हवी आहे आणि उरलेल्या दिवसांतली मुलगी त्याला खरं तर कंटाळवाणी वाटते. दोघंही खोटे नाहीत, दोघंही तिच्या अर्ध्यावर प्रेम करतात. अशा जागी ती कोणाला 'हो' म्हणते यावर वाचकांचे तट पडू देत, खुशाल पडू देत. त्यांना कोणत्याही बाजूनं बोलायचं झालं तरी लांडग्याबद्दल बोलावंच लागेल. सहा वाचकांबद्दल तुमची तक्रार तीच तर होती.

काही लेखकांना मी याहून पुढे जायला सांगते. दोन मुलांचा एक मुलगा करा आणि तिसरा कोन खुद्द लांडग्याला द्या. तिला स्वतःचं ते रूप आवडायला लागलं आहे, त्या रात्रीची वाट ती मुलाच्या भेटीपेक्षा जास्त आतुरतेनं बघते आणि मुलाला हे हळूहळू कळतं. याचा मत्सर कसा असेल? तुमच्या मसुद्यात मात्र हे मी सुचवणार नाही. तुमचा कळपातला मुलगा नवव्या आणि चौदाव्या प्रकरणात इतका जिवंत झाला आहे की त्याला घालवणं म्हणजे माझी जुनी चूक तुमच्या हातून करवून घेणं होईल.

बाजारात प्रेमच खपतं, लांडगा वाढवला तर प्रकाशक नाही म्हणेल, अशी भीतीही तुम्ही लिहिली आहे. प्रेम खपतं हे खरं आहे. पण वेअरवुल्फचं पुस्तक उचलणाऱ्या मुलीनं लाख साध्या प्रेमकथा बाजूला सारून ते उचललेलं असतं. तिला दात बघायचे असतात. तिच्या हातात दात नसलेलं पुस्तक दिलं, तर ती कोण कोणाचं झालं यावर बोलते, कारण बोलायला दुसरं काही तुम्ही दिलेलं नसतं.

कामाला लागताना अकराव्या प्रकरणापासून सुरुवात करा. पहाट आहे, ती ओढ्याकाठी माणूस होऊन जागी होते. त्या मुलाला तिथून काढा. जाकीटही काढा. तिला एकटीला थंडीत उठू द्या, तोंडातली चव ओळखू द्या, ती कशाची आहे ते वाचकाला तिच्याआधी कळू द्या. दीड-दोन पानं तिथे कोणी येऊ देऊ नका. मग झुडपांमागे कोणीतरी पाठ करून उभं आहे, याचा वास तिला येऊ दे. तो रात्रभर तिथेच होता, त्यानं सगळं पाहिलं आहे आणि आता तो वळत नाही. तो दोघांपैकी कोण ते तुम्ही ठरवा. मला वाटतं तो वर्गातला असावा. हे प्रकरण लिहून झालं की मला पाठवा. बाकीच्या मसुद्यात काय हलवायचं ते त्याच्यावरून ठरवू.